रंगकामात कोट्याची फरशी कशी सांभाळली

रामबागेतल्या आमच्या घराचं रंगकाम नवरात्राआधी काढलं. हॉल १२ बाय १० फूट, खाली पॉलिश केलेला कोटा. हा चुनखडीचाच दगड. ॲसिड लागलं की पॉलिश उडते आणि पांढुरका चट्टा कायमचा राहतो. त्यामुळे डाग काढत बसण्यापेक्षा तो पडूच न देण्यावर भर दिला.

आधी फरशी झाडून-पुसून पूर्ण वाळू दिली. प्लास्टिकखाली वाळूचे कण राहिले, की वरून पाय पडेल तसे ते फरशीवर ओरखडे काढतात. मग जाड प्लास्टिक अंथरलं, जोडावर ६ इंच एकावर एक घेऊन. खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे साडेतेरा मीटर. मास्किंग टेप एकदा प्लास्टिकच्या कडेला आणि एकदा स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या, वरच्या कडेला लागते, तेव्हा २० मीटरची दोन बंडलं घ्यावीत. खाकी पॅकिंग टेप फरशीला लावू नका, तिचा डिंक सुटत नाही.

नुसतं प्लास्टिक पुरत नाही. त्यावर पडलेला थेंब जिरत नाही, बराच वेळ ओला राहतो, आणि त्यावर पाय पडला की रंगाचे ठसे पार स्वयंपाकघरापर्यंत. म्हणून वर जुन्या सुती चादरी दुहेरी घातल्या. शिडी मात्र प्लास्टिकवर उभी करायची नाही, ती सरकते. तेवढ्या जागेचं प्लास्टिक दुमडून रबरी मॅट घातली आणि शिडी हलवली की परत पसरलं. वर्तमानपत्रं नकोतच, ओली झाली की फाटतात आणि शाई फरशीला लागते.

रंगापेक्षा जास्त छळते ती पुट्टीची भुकटी. सँडपेपर फिरायला लागला की मैद्यासारखी पांढरी धूळ दाराच्या फटीतून बाहेर येते. फटीला ओला टॉवेल लावला, पंखा बंद ठेवला, त्याच्या पात्यांना उशीचे अभ्रे चढवले. भुकटी आधी मऊ केरसुणीने कोरडीच गोळा करायची. थेट ओलं फडकं फिरवलं तर पुट्टीतलं पांढरं सिमेंट भिजून फरशीच्या बारीक छिद्रांत बसतं, आणि वाळल्यावर पांढरी झाक उमटते.

टेप रंग बोटाला लागेनासा झाला की तिरकी ओढून काढावी. आठवडाभर ठेवली तर रंगाची सालही तिच्याबरोबर निघते.

तरीही इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा, थेंब पडलाच तर लगेच ओल्या फडक्याने टिपावा. वाळला असेल तर गरम पाण्याचं फडकं पाच मिनिटं ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने उचलावा. ऑइल पेंटला टर्पेंटाइन. शेवटच्या सफाईला कामगार तेजाब, म्हणजे ॲसिड, मागतात. अजिबात देऊ नका.

ब्रश मोरीत धुऊ नयेत, बादलीत धुवावेत. उरलेल्या रंगाचे डबे आणि थिनरची बाटली आम्ही कचरागाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात दिली.