अमेरिकेत नर्सिंग शिकता शिकता सीएनएचं काम: शिफ्ट ठरवण्याआधी

आपल्याकडे हॉस्पिटलातल्या मावशी आणि वॉर्डबॉय जी कामं करतात, त्यांतली बरीचशी अमेरिकेत सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, करतो. स्पंजिंग, बेडपॅन, कूस बदलणं, भरवणं, आधार देऊन चालवणं, शिवाय नाडी, श्वास, रक्तदाब मोजून नोंदवणं. फरक एवढाच की इथे त्यासाठी परीक्षा आहे आणि पास होणाऱ्याचं नाव राज्याच्या रजिस्ट्रीत चढतं. इथलं 'नर्सिंग होम' म्हणजे आपल्या गल्लीतलं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटलही नव्हे. वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी माणसं तिथे राहतात आणि सीएनएंना काम देणाऱ्या मोठ्या जागांपैकी ती एक आहे.

सगळ्यात आधी व्हिसा. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं आणि तेही कॅम्पसवर. बाहेरच्या नर्सिंग होममध्ये परवानगीशिवाय एक शिफ्ट केली तरी नियमभंग होतो आणि त्याची किंमत सगळ्या शिक्षणाला मोजावी लागते. विद्यापीठाचं हॉस्पिटल 'कॅम्पस'मध्ये धरलं जातं की नाही, हे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याचा जोडीदार म्हणून, असाल तर आधी वर्क परमिटचं कार्ड, म्हणजे ईएडी, हातात हवं. ते प्रत्येक एच-४ धारकाला मिळत नाही. कंपनीने बदली करून आणलेल्याच्या (एल-१) एल-२ जोडीदाराच्या आय-९४ वर, म्हणजे देशात प्रवेशाच्या नोंदीवर, 'एल-२एस' अशी नोंद असेल तर वेगळं कार्ड लागत नाही.

प्रशिक्षणाचा केंद्रीय नियम १९८७ च्या कायद्यातून आला. किमान ७५ तास, त्यांतले किमान १६ देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून. राज्यं याहून जास्त मागू शकतात. कॅलिफोर्नियात १६० तास लागतात. पण पैसे भरण्याआधी एक चौकशी जरूर करा. नर्सिंगच्या पहिल्या सत्रातला 'फंडामेंटल्स' हा पायाभूत विषय आणि त्याचं क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण, पूर्ण झालं असेल, तर अनेक राज्यांत वेगळा कोर्स न करता थेट परीक्षेला बसता येतं. कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) घेऊन रजिस्ट्रीकडे अर्ज करायचा असतो. प्रात्यक्षिकात गाडी अडते ती अवघड कौशल्यांवर क्वचितच. व्हीलचेअरचे ब्रेक न लावता रुग्णाला उठवणं, निघताना कॉल बेल त्याच्या हाताशी न ठेवणं, नाडी पूर्ण १ मिनिट न मोजणं, अशा साध्या चुका महागात पडतात.

नोकरी पक्की झाल्यावर रखडतात ती आरोग्याची कागदपत्रं, आणि यात भारतातून आलेल्यांचा एक खास अडथळा आहे. लहानपणी बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्यांची टीबीची त्वचेवरची चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दोन-तीन आठवडे गेलेच. रक्तावरच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून सुरुवातीलाच तीच मागा. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांच्या लसींच्या तारखा घरच्यांकडून शोधून ठेवा. नाहीच सापडल्या तर अँटिबॉडीची रक्तचाचणी करून घेता येते. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे ३ डोस ६ महिन्यांत पूर्ण होतात, ते अर्ज करायच्या खूप आधी सुरू केलेले बरे.

आता 'फ्लेक्सिबल' या शब्दाबद्दल. जाहिरातीत तो सर्रास असतो. खरा अर्थ नोकरीच्या प्रकारात असतो. अर्धवेळ नोकरीत तास बांधलेले असतात आणि काही ठिकाणी आरोग्य विमा किंवा फीची परतफेडही मिळते. 'पर डिएम' किंवा 'पीआरएन', म्हणजे गरजेपुरत्या कामात, शिफ्ट तुम्ही निवडता, तासाचा दर बहुधा थोडा जास्त असतो, पण विमा-रजा सहसा नसते आणि रुग्ण कमी असले की आयत्या वेळी शिफ्ट रद्द होते. भाडं त्याच पैशांवर अवलंबून असेल तर हे फार जाचतं. वेगवेगळ्या ठिकाणी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या शिफ्ट आणखी मोकळ्या असतात, पण नवख्याला तिथे अनोळखी मजला, अनोळखी रुग्ण आणि शिकवायला कुणी नाही. पहिले सहा महिने एकाच ठिकाणी काढून मग एजन्सीकडे जावं, असं आम्ही आग्रहाने सांगू.

मुलाखतीत नेमकं विचारा. महिन्याला किमान किती शिफ्ट? किती शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या बंधनकारक? वेळापत्रक किती आठवडे आधी निघतं? ओरिएंटेशन दिवसाच असतं का? शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. नोकरी शनिवार-रविवारची असली तरी ओरिएंटेशनचे दिवस बहुतेकदा सोमवार ते शुक्रवारचे असतात आणि क्लिनिकलशी टक्कर होते. त्यामुळे नोकरी सत्रांमधल्या सुट्टीत सुरू करणं सोयीचं.

हॉस्पिटलात १२ तासांच्या शिफ्ट जास्त, नर्सिंग होममध्ये बहुतेक ८ तासांच्या. शनिवार-रविवारी १२ तासांची एकेक केली की २४ तास भरतात (एफ-१ वर सत्र चालू असताना हे २० तासांच्या मर्यादेबाहेर जातं); अभ्यास सांभाळून यापेक्षा जास्त झेपणं कठीण. रात्रपाळीला जादा दर असतो, पण क्लिनिकलच्या आदल्या रात्री ती घेऊ नका. सकाळी सातला संपलेली शिफ्ट आणि सातलाच सुरू होणारं क्लिनिकल यांचा मेळ बसत नाही, आणि झोपेविना औषधाच्या मात्रेचं गणित चुकतं.

आणि एक मर्यादा पक्की लक्षात असू द्या. कॉलेजात इंजेक्शन शिकला असाल, तरी सीएनएच्या बॅजवर ते देता येत नाही. गर्दीच्या वेळी नर्स म्हणेल, "तू शिकतोयस ना, एवढी गोळी दे." नम्रपणे नाही म्हणा आणि नर्सचं दुसरं काहीतरी काम हलकं करा, रक्तदाब घ्या, रुग्णाची कूस बदला. बॅजबाहेरचं काम केल्याची तक्रार झाली, तर सीएनएची नोंद आणि पुढचं नर्सिंगचं लायसन्स, दोन्ही अडचणीत येऊ शकतात.