आजीच्या वहीतल्या मसाला सँडविच कुकीज एकदाच्या जमल्या

आजीच्या वहीत ही कुकी अर्ध्या पानात संपते. मैदा 250 ग्रॅम, बटर 150, ब्राऊन शुगर 150, एक अंडं, अर्धा चमचा खायचा सोडा, सुंठ दोन चमचे, दालचिनी एक, लवंगेची पूड पाव चमचा, चिमूटभर मीठ, आणि खाली फक्त 'नेहमीसारखं भाजणे'. आता नेहमीसारखं म्हणजे कसं ते आजीलाच माहीत!

वहीत 'बटर मऊ' लिहिलंय म्हणून पहिल्या वेळी मी ते सरळ वितळवलं, आणि ओव्हनमध्ये सगळ्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटल्या, ट्रेभर एकच पोळी झाली. आईला फोन केला तर म्हणाली, अगं मऊ म्हणजे बोट दाबलं की खळगा पडायला हवा, चकाकायला लागलं की समज पुढे गेलं.

दुसऱ्या वेळी तसंच केलं. बटर आणि साखर रंग फिका होईपर्यंत फेटली, मसाले त्यातच घातले कारण तुपातलोण्यात वास जास्त खुलतो, मग अंडं आणि शेवटी मैदा सोडा मीठ चाळून, नुसतं एकत्र होईपर्यंतच. गोळा रात्रभर फ्रीजमध्ये. हे वहीत नाहीये पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, गार पीठ पसरत नाही आणि मसालाही मुरतो. सकाळी 20 ग्रॅमचे गोळे वजन करून केले, कारण जोडीला दोन्ही सारख्या आकाराच्या लागतात, 30 झाले.

175 डिग्रीला 11 मिनिटं. बाहेर काढल्या तेव्हा कडा घट्ट आणि मधे बोट लावलं तर अजून मऊ, मन सारखं म्हणत होतं परत आत टाक, पण नाही टाकल्या, आणि ट्रेवरच दहा मिनिटांत छान आवळून आल्या.

क्रीम सोपं आहे, 75 ग्रॅम बटर, 150 आयसिंग शुगर, थोडा व्हॅनिला. फक्त कुकी पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, कोमट असली तरी क्रीम पातळ होऊन बाजूने ओघळतं.

भरल्या भरल्या खाल्ल्या तर कुरकुरीत लागतात, पण डब्यात एक रात्र ठेवल्या की क्रीमचा ओलावा आत जातो आणि घास अलगद तुटतो, मला त्याच जास्त आवडल्या. आई दोन खाऊन म्हणाली चव तीच आहे गं, फक्त लवंग पुढच्या वेळी जरा कमी घाल.