खंबाटकीत काटा खाली आला

मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की शनिवारी सकाळपासूनच खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागायची. तेव्हा पुण्याकडून साताऱ्याला जाणाऱ्याला घाट चढावाच लागायचा, बोगदा होता तो परत येणाऱ्यांसाठी. पहिला गिअर, एसी चालू, गाडीत पाच माणसं, टपावर सामान आणि समोर रखडलेला कंटेनर. गाडी पळत नसली की रेडिएटरला वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. माझं गॅरेज घाटाच्या पायथ्याला, त्यामुळे त्या दिवसांत फोन हातातून खाली ठेवता यायचा नाही.

त्या शनिवारी एका बाईंचा फोन आला. नंबर त्यांना शेजारी थांबलेल्या ट्रकवाल्याने दिला होता. "गाडीतून वाफा येतायत आणि आमचा मुलगा झाकण उघडायला निघालाय."

"मावशी, त्यांना आधी गाडीपासून लांब करा. मी आलोच."

पिकअप रांगेत अडकली असती म्हणून मोटरसायकल काढली. पाण्याचा कॅन मागे बांधला, पिशवीत फ्यूज, रिले, होजच्या क्लिपा टाकल्या.

पोहोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं. मुलगा, म्हणजे तिशीतला माणूस, हाताला टॉवेल गुंडाळून कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीच्या झाकणाला हात घालत होता. मागे दोघं-तिघं बिसलेरीच्या बाटल्या घेऊन उभे. मी लांबूनच ओरडलो, "हात काढा!" त्यांनी दचकून काढला.

आधी माणसं बाजूला घेतली. चढावर बंद पडलेल्या गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. हँडब्रेक ओढलेला होता, पहिला गिअर टाकून ठेवला, मागच्या चाकाखाली दगड सरकवला, इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे नेऊन ठेवला. मग घडी घातलेल्या फडक्यातून रेडिएटरचा वरचा जाड होज चिमटीत धरला. टणक. जरासुद्धा दबेना. त्या साहेबांनाही धरायला लावला.

"हा मऊ पडत नाही तोवर झाकणाला हात नाही," मी सांगितलं. पाणी उघड्या भांड्यात शंभर अंशांना उकळतं, पण या झाकणाने दाब धरून ठेवलेला असतो, म्हणून आत ते एकशे दहा-पंधरा अंशांनाही पाणीच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्यातल्या थोड्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. ती वर येते ती थेट तोंडावर, गळ्यावर. टॉवेलने तळहात वाचेल एखाद्या वेळेस. असं भाजलेला माणूस मी पाहिलाय, त्याला वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरायचं सोडून लोक त्याच्या कातडीवर टूथपेस्ट चोपडत होते. तेव्हापासून याबाबतीत माझा आवाज चढतोच.

"पण मिस्त्री, टेंपरेचरचा काटा तर केव्हाच खाली आला होता," साहेब म्हणाले.

मला इथेच शंका आली. नीट विचारलं. रांगेत काटा लाल पट्ट्यात गेला, त्यांनी एसी बंद केला. कुठेतरी ऐकलेलं आठवून हीटर पूर्ण लावला. हे अगदी बरोबर केलं होतं, कारण हीटरच्या आतही एक लहान रेडिएटर असतो आणि तो इंजिनची थोडी गरमी ओढून घेतो. पण हीटरमधून गार हवा आली. थोड्या वेळाने काटाही खाली आला. त्यांना वाटलं, निभावलं. पुढच्या दोन वळणांत गाडीने ओढायचं सोडलं आणि बॉनेटमधून वाफ आली.

सेन्सर इंजिनच्या धातूचं तापमान मोजत नाही, त्याच्याभोवतीच्या पाण्याचं मोजतो. पाणी कमी होऊन तो उघडा पडला की काट्याला काही अर्थ उरत नाही. तापलेल्या गाडीचा हीटर गार हवा फेकत असेल तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोचतच नाहीये. तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन बंद करायची.

जवळजवळ तासभर थांबलो. ऊन रणरणत होतं. बाटलीवाल्यांना इंजिनवर पाणी ओतायचं होतं, तेही करू दिलं नाही. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अॅल्युमिनियमचं, तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर ते वाकतं, तडकतंसुद्धा. ट्रकवाल्याने मात्र शहाणपणाने आपल्या सावलीत सगळ्यांना बसवलं होतं. मावशी तिथूनच म्हणाल्या, "पार्किंगच्या फरशीवर गुलाबी डाग पडतोय, मी याला म्हटलं होतं. हा म्हणाला, एसीचं पाणी असेल." एसीचं पाणी साधं, बिनरंगाचं. बोटाला चिकट लागलं आणि रंग असला की ते कूलंट. खाली वाकून टॉर्च मारला तर वॉटर बॉडीवर, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपावर, गुलाबी खपली धरलेली, सील गळत होतं.

होज मऊ पडला. तोंड बाजूला ठेवून झाकण थोडंसं फिरवलं, फुस्स झालं, थांबलो, मग काढलं. टाकी कोरडी. कॅनमधलं कोमट पाणी बेताबेताने सोडलं आणि मिनिटभर गाडी चालू केली. टाकीत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर. लगेच बंद केली.

"हेड गॅस्केट गेलंय, हेड आणि खालच्या ब्लॉकच्या मधलं पॅकिंग."

"पाणी टाकत टाकत साताऱ्यापर्यंत नेऊ की."

"नाही साहेब. आत्ता हेडवर भागेल. पुढे नेली तर इंजिन जाम होईल."

त्यांना पटायला वेळ लागला, पण मावशींनीच निकाल दिला. घाट एकेरी, त्यामुळे पिकअपला गाडी मागे बांधून घाट ओलांडावा लागला आणि बोगद्यातून परत यावं लागलं. घरच्यांना ओळखीच्या जीपमधून साताऱ्याला पाठवलं.

हेड उतरवलं तर दोन सिलिंडरांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली. हेडवर सरळ पट्टी ठेवली, खालून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं अलगद सरकलं; हेड वाकलं होतं. फेसिंग केलं, म्हणजे घासून सपाट केलं, गॅस्केट, वॉटर बॉडी, थर्मोस्टॅट नवं टाकलं. ब्लॉक आणि पिस्टन शाबूत होते, तेवढ्यावर गाडी वाचली.

गाडी न्यायला मावशीही आल्या होत्या. तो डाग नुसता पुसला तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, भरपूर पाण्याने धुवा, कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. त्यांच्या सोसायटीत दोन कुत्री पार्किंगमध्येच झोपतात म्हणे. त्यांनी गॅरेजमधूनच वॉचमनला फोन लावला आणि आजच्या आज फरशी धुवून घ्यायला सांगितली.