पेन्सिल जिथे शिरते तिथून उंदीर शिरतो

चार मजली ऑफिस इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे अर्धे कॉम्प्युटर बंद पडले. फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून टॉर्च मारला, तर केबलचं आवरण वीतभर सोललेलं, आतली तार उघडी आणि बाजूला बारीक काळ्या लेंड्यांचा सडा. मी धसकलो ते आगीच्या विचाराने. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडण्यात त्याला केबल, लाकूड, प्लास्टिक काहीच वर्ज्य नसतं.

घाबरून मी चुकीची गोष्ट आधी केली. विषाच्या गोळ्या आणून सीलिंगमध्ये टाकून दिल्या. या गोळ्यांनी रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर मरायला काही दिवस जातात, तोही आपल्याला नको त्या जागी मरतो. आठव्या दिवशी मीटिंग रूममध्ये बसवेना. भिंतीचं पॅनेल उचकटून तो बाहेर काढावा लागला. दोन आठवड्यांनी लेंड्या पुन्हा तिथेच. शिवाय असा उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर त्यांनाही विष बाधतं, हे मला नंतर कळलं आणि फार वाईट वाटलं.

मग पेस्ट कंट्रोलचे एक अनुभवी गृहस्थ आले. औषधाची पेटी त्यांनी उघडलीच नाही. "साहेब, येतात कुठून ते आधी बघू," म्हणाले. संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर आम्ही भिंतीच्या कडेकडेने टाल्कम पावडर पातळ भुरभुरली. सकाळी त्यावर इवल्या पावलांचे ठसे होते आणि ते थेट पाइपच्या डक्टकडे गेले होते. पाइप भिंतीत शिरतो तिथे तेलकट काळपट डाग होता, रोज अंग घासून पडलेला. त्यांनी खिशातली पेन्सिल त्या फटीत सरकवली. सहज आत गेली. लहान उंदराला ६ मिलीमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण १२. इतकी वर्षं मी त्या डक्टसमोरून रोज जात होतो!

पुढचे तीन आठवडे आम्ही पेन्सिल घेऊन इमारत पालथी घातली. ३७ फटी सापडल्या, बहुतेक पाइप आणि केबलभोवतीच्या. नुसता फोम भरून भागत नाही, तो ते कुरतडतात. म्हणून आत स्टील वूल, म्हणजे बारीक पोलादी तारांचा गुंता, दाबून बसवलं आणि वरून सिमेंट लिंपलं. व्हेंटला ६ मिलीमीटरची लोखंडी जाळी, मागच्या दाराखाली धातूची पट्टी. कचऱ्याचे डबे झाकणाचे आणले आणि ते रात्री नाही, संध्याकाळीच रिकामे होऊ लागले. टेबलाच्या खणात खाऊ ठेवू नका हे लोकांना पटवणं मात्र सिमेंटपेक्षा जड गेलं.

आत अडकलेल्यांसाठी सापळे लावले, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून. तळघरात मोठे उंदीर होते. ते नव्या वस्तूला बिचकतात, म्हणून तिथे आधी चार दिवस सापळे न ताणता फक्त आमिष लावून ठेवले. पाचव्या रात्री ताणले आणि सकाळी तीन सापडले.

लेंड्या साफ करताना सफाईवाल्या मावशी केरसुणी घेऊन निघाल्या होत्या, त्यांना मी अडवलं. कोरडं झाडलं की धूळ उडून नाकात जाते आणि त्यातून आजार होऊ शकतात. हातमोजे आणि मास्क घालून, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून आधी सगळं भिजवलं, पाच मिनिटं थांबलो, मग कागदाने पुसून घेतलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पेन्सिल घेऊन फेरी मारतो. गेल्या महिन्यात इंटरनेटची नवी केबल ओढणारे भिंतीत बोटभर भोक तसंच ठेवून गेले होते. त्याच संध्याकाळी बुजवलं.