अर्धवट राहिलेली प्रार्थना

आज दुपारी ‘शेनान्डोआ’ हा सिनेमा पाहिला. १९६५ चा, जेम्स स्टुअर्टचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलेलं, आणि व्हर्जिनियातला शेतकरी चार्ली अँडरसन ठाम: हे युद्ध माझं नाही. सहा मुलगे, एक मुलगी, बायको मार्था शेतातच पुरलेली. गुलाम ठेवायचे नाहीत, कुणासाठी लढायचंही नाही.

मग धाकट्याला पाण्यात दक्षिणेच्या सैनिकाची टोपी सापडते. पोरच ते, डोक्यावर चढवतं. तेवढ्यावरून उत्तरेचे शिपाई त्याला शत्रू समजून धरून नेतात. एका टोपीपायी अख्खं घर उधळलं!

पण मनातून जात नाहीये ते जेवणाचं टेबल. सुरुवातीला चार्लीची प्रार्थना जवळजवळ भांडणच असते: जमीन आम्हीच साफ केली, नांगरली, पेरली, तरी देवा, तुझे आभार. शेतकऱ्यालाच शोभेल असा तोरा. शेवटी तो तीच प्रार्थना म्हणायला लागतो. समोर रिकाम्या खुर्च्या. शब्दच पुढे सरकत नाहीत, तो उठून मार्थाच्या थडग्याकडे जातो.

तिथे मी सिनेमा थांबवला. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तिच्याजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने उरलेला पाहिला.