वाढीव मोबदल्याची दरखास्त: निकालानंतर पैसे मिळेपर्यंतचा माझा अनुभव

सरकारविरुद्ध निकाल लागला म्हणजे पैसे आले, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. वडिलांची जमीन १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली कालव्यासाठी गेली. कलम १८ चा संदर्भ अर्ज (मोबदला कमी वाटला तर तो न्यायालयाकडे नेण्याचा अर्ज), साक्षीपुरावे, आसपासची खरेदीखतं, युक्तिवाद हे सगळं रीतसर झालं आणि न्यायालयाने वाढीव मोबदला मंजूर केला. तिथवर माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर एका टेबलावर अडकून पडलेल्या हिशोबाच्या तक्त्याबद्दल.

आधी कायद्याचं थोडक्यात. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ सांगतं की सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची (निकालानुसार न्यायालय काढतं त्या औपचारिक आदेशाची) रक्कम निकालाच्या तारखेपासून तीन महिने थकीत राहिली, तरच अंमलबजावणी निघते. तेवढं थांबावंच लागतं. पण ते तीन महिने हातावर हात ठेवून बसायचे नाहीत. निकालाची आणि हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल त्याच काळात काढून ठेवावी. दरखास्तीआधी, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाआधी, त्याच संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, असं आम्हाला एकाने ठासून सांगितलं होतं. ती नोटीस दावा लावण्याआधीची असते, दरखास्तीला लागत नाही. आमच्या वकिलांनी तीन महिने संपताच दरखास्त दाखल केली. भूसंपादन अधिकारी आणि ज्या खात्यासाठी जमीन घेतली ते खातं, अशा दोघांना त्यात ठेवलं. हे फार महत्त्वाचं. हिशोब एकाकडे असतो आणि निधी दुसऱ्याकडे.

आता तो तक्ता. भूसंपादन कार्यालयाने रक्कम काढून खात्याकडे निधीची मागणी पाठवायची, खात्याने निधी द्यायचा, मग न्यायालयात भरणा व्हायचा, असा रस्ता आहे. कार्यालयाने काढलेली रक्कम आमच्या रकमेपेक्षा बरीच कमी होती. कारण शोधलं तर त्यांनी भूसंपादन कायद्याच्या कलम २८ चं, म्हणजे वाढीव मोबदल्यावरचं, व्याज फक्त जमिनीच्या वाढीव किमतीवर लावलं होतं. जमीन सक्तीने घेतल्याबद्दल किमतीवर जी ३० टक्के दिलासा रक्कम मिळते, तिच्यावर व्याजच नाही! ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे १५ टक्के असं हे व्याज आहे, म्हणजे फरक किरकोळ नव्हे. दिलासा रकमेवरही व्याज द्यायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये सुंदर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ठरवून टाकलं आहे. आमच्या हुकूमनाम्यात तर ते स्पष्ट शब्दांत होतं. तरी उत्तर एकच, “आमच्या नमुन्यात तो रकाना नाही.”

मी हुकूमनाम्याची प्रत पुढे ठेवली. साहेब फिरतीवर. साहेब आले तर टेबल बदललेलं. नव्या कारकुनाने फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मग तक्ता दुरुस्त न होताच खात्याकडे गेला आणि खात्याने त्रुटी काढून परत पाठवला. त्रुटी कोणती, तर दोन्ही बाजूंच्या हिशोबात तफावत आहे! मध्येच “अपील करायचं चाललंय” असं तोंडी ऐकवलं गेलं. नुसतं अपील दाखल केल्याने अंमलबजावणी थांबत नाही, स्थगितीचा आदेश लागतो. तो कुणाकडेही नव्हता. तरीही सरकारी वकील पुढची तारीख मागत आणि रोजनाम्यावर (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) पुढची तारीख पडे. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की १५ टक्क्यांनी दर लाखामागे महिन्याला १,२५० रुपये व्याज वाढतं आणि ते जनतेच्याच तिजोरीतून जातं. ज्याच्या टेबलावर फाइल पडून असते, त्याला त्याची काही झळ नाही.

शेवटी जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट निघालं. बेलीफ भत्ता भरला, बेलीफ (न्यायालयाचे आदेश बजावणारा कर्मचारी) कार्यालयात गेला, अधिकाऱ्यांनी मुदतीचं पत्र दिलं. खुर्ची जप्त झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, पण खुर्च्या आणि संगणक विकून एवढी रक्कम कधी उभी राहणार? वॉरंटाचा उपयोग दबावापुरता. गाठ सुटली ती आमच्या वकिलांच्या दुसऱ्या अर्जाने: दोन्ही बाजूंनी तारखावार हिशोब न्यायालयात दाखल करावा आणि तफावतीवर न्यायालयाने आदेश द्यावा. न्यायाधीशांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, आमचा ग्राह्य धरला आणि रक्कम कधी भरणार ते अधिकाऱ्यांकडून लेखी घेतलं. त्या आदेशाची प्रत जोडल्यावर खात्याला त्रुटी काढायला जागाच उरली नाही. पैसे जमा झाल्याचं कळलं त्या रात्री वडील कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

म्हणून माझं सांगणं, हा हिशोबाचा अर्ज वॉरंटाची वाट न पाहता पहिल्याच तारखेला द्या. तक्त्यात कलम ४ च्या (जमीन घ्यायची आहे हे जाहीर करणाऱ्या) अधिसूचनेची, ताब्याची आणि मूळ निवाड्याची (भूसंपादन अधिकाऱ्याने मोबदला ठरवल्याच्या आदेशाची) तारीख लिहा. ताबा पावतीची प्रत शोधून ठेवा, कारण व्याज तिथून सुरू होतं.

आणखी एक आठवलं. मधल्या काळात आमच्या काकू वारल्या; मोबदल्यात त्यांचाही हिस्सा होता. दरखास्त आता बाद होणार, असं कुणीतरी घाबरवलं. दरखास्त त्या कारणाने बाद होत नाही, वारसांना ती पुढे चालवता येते. वारसांची कागदपत्रं मात्र लगेच द्यावीत, नाहीतर नाझरांकडे (न्यायालयात पैशांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) पैसे काढताना तो हिस्सा अडकतो. पॅनही सगळ्यांचा हवा, नाहीतर व्याजावरची आयकराची कपात जास्त दराने होते. दरखास्तीची मुदत १२ वर्षं आहे, पण मुदत मोठी आहे म्हणून थांबू नका.

भरणा झाल्याची नोटीस मिळाली की तेवढ्या रकमेवरचं व्याज थांबतं. त्यामुळे रक्कम काढण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. आणि भरलेली रक्कम तुमच्या तक्त्याशी रुपयान्‌रुपया जुळल्याशिवाय पूर्ण वसुलीच्या पुरसीसवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका. कमी भरली असेल तर दरखास्त उरलेल्या रकमेसाठी चालूच ठेवायची.