झुरिकचं मंत्रालय आणि आमचं वावर

मंगळवार, १० जून २०२५

मान्सून यंदा २६ मेलाच मुंबईत पोचला, पेपरांनी मोठमोठे मथळे दिले, आणि मग जो अडकला तो अडकलाच. मृग लागला तरी इकडे पत्ता नाही. आभाळ भरून येतं, गदमदतं, चार थेंब टाकून निघून जातं. घाई असलेल्यांनी धुळीतच सरकी टोबून टाकली. आम्ही थांबलोय. अशा थांबण्याच्या दिवसांतच माझं वाचन होतं, एरवी सोयाबीन घरी येईपर्यंत पुस्तकाला हात लागत नाही. त्यात या आठवड्यात लाइन रात्रीची. भाजीच्या तुकड्याला पाणी सोडून विहिरीजवळ खाटेवर पडायचं आणि मोबाइलवर इंग्रजी कादंबरी काढायची. वाचतो हळू, अडलेला शब्द शोधत शोधत. पण घाई कोणाला आहे?

किम स्टॅन्ली रॉबिन्सनची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर' उन्हाळाभर पुरवून वाचली, परवा संपली. पुस्तक २०२० चं. सुरुवातच आपल्या देशात, उत्तर प्रदेशातल्या एका गावात होते. उष्णतेची लाट, हवेत दमटपणा, लाइन गेलेली. लोक शेवटचा उपाय म्हणून तळ्यात उतरतात, तर तळ्याचं पाणीही गरम. सकाळपर्यंत जवळजवळ सगळं गाव मेलेलं असतं आणि फ्रँक नावाचा एक अमेरिकन तेवढा वाचतो. पुढचं पान उलटायला मला वेळ लागला.

लेखकाला एक गोष्ट पक्की कळली आहे, जी टीव्हीवर तापमानाचे आकडे ओरडणाऱ्यांना कळत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला पंचेचाळीसच्या वर गेले की बातमी होते, पण आमचा वैशाख कोरडा. घाम वाळतो, कूलर चालतो, रुमाल बांधून माणूस कामं उरकतो. जीव घेणारा आकडा वेगळा असतो. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मोजतात ते, वेट बल्ब तापमान. ते ३५ च्या आसपास गेलं की घाम अंगावरच राहतो आणि धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसून मरू शकतो. आमच्याकडे तेवढं होत नाही. पण या आठवड्यात कूलर नुसती ओली हवा फेकतो आणि अंथरूण चिकटतं, तेव्हा ते पहिलं प्रकरण पुस्तकातलं वाटत नाही. माय तर रोजच म्हणते, "वैशाख बरा बाप्पा, हा मिरग जीव घेते."

माझी तक्रार पुढची आहे. त्या गावानंतर कादंबरी स्वित्झर्लंडला जाते. झुरिकला ते भविष्याचं मंत्रालय २०२५ मध्ये सुरू होतं, म्हणजे चालू सालीच. मग बैठका, मध्यवर्ती बँका, कार्बनवर आधारलेलं नाणं, अंटार्क्टिकातल्या हिमनद्या. भारत मध्ये मध्ये येतो, विमानांनी आकाशात धूळ पसरून ऊन कमी करायचा धाडसी प्रयोगही करतो. सगळं अभ्यासून लिहिलेलं, काही पानं सरकारी अहवालासारखी रटाळ, काही जबरदस्त. पण ते गाव परत येतच नाही. मागं राहिलेली वावरं कोणी पेरली? सातबाऱ्यावर कोणाची नावं चढली? नातेवाइकांत भांडणं झाली असतील की नाही? झालीच असतील. मला ते वाचायचं होतं. नाण्याचं काय झालं याच्याशी मला काही घेणं नव्हतं.

एकदा ही खोड लागली आणि प्रत्येक विज्ञानकादंबरीत मी गाव शोधू लागलो.

अँडी विअरच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'त ते सापडत नाही. सूर्याची ऊर्जा खाणारे जंतू, मंद होत जाणारा सूर्य, आणि आठवण गमावून दूरच्या यानात जागा झालेला शाळेतला विज्ञानाचा मास्तर. वाचायला इतकी मजा येते की एका रात्री मोटर बंद करायचं भान राहिलं नाही आणि वाफे तुंबले. रॉकी नावाचा परग्रहवासी तर फारच आवडला. त्याला डोळे नाहीत, सगळं आवाजावरून ओळखतो आणि हातानं काहीही बनवतो. पण ऊन कमी झालं की पिकं जातील आणि लोक उपाशी मरतील, हे तिथं शास्त्रज्ञांच्या बोलण्यातच उरकतं. पिकं जाणं म्हणजे काय ते विअरला दाखवायचं नव्हतं, त्याला यान हवं होतं. ठीक आहे, प्रत्येकाची आवड. पुढच्या मार्चमध्ये याचा सिनेमा येतोय, रायन गॉस्लिंग मास्तर होणार आहे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजला तो लागायचा नाही, नागपूरला जावं लागेल, आणि मार्चमध्ये गहू-हरभऱ्याची काढणी. बघू.

गाव सापडलं ते भलत्याच ठिकाणी, चिनी कादंबरीत. लिऊ त्सिशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ला २०१५ मध्ये विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, इंग्रजी अनुवादाला मिळालेला तो कादंबरी विभागातला पहिलाच. त्यात तीन सूर्यांच्या तडाख्यात सापडलेला एक ग्रह आहे. सूर्य कधी उगवेल, किती उगवतील, काही नेम नाही. वाईट काळ आला की तिथले लोक अंगातलं पाणी काढून टाकतात, गुंडाळी होऊन कोठारात पडून राहतात, आणि चांगला काळ आला की त्यांना पाण्यात भिजवून उठवतात. हे मी मायला सांगितलं. ती म्हणे, "म्हंजे कुरोड्यायवानी?" यापेक्षा चांगलं परीक्षण मला जमणार नाही.

पण मला त्यातला ग्रह नाही, गाव आठवतं. ये वेनजिए ही शास्त्रज्ञ. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळात बापाला डोळ्यांसमोर मारलेलं, स्वतः डोंगरावरच्या लष्करी तळावर अडकलेली. माणूस जातीवरचा विश्वास उडालेला असतानाच ती आकाशातून आलेल्या इशाऱ्याला उत्तर पाठवते. त्यानंतर बाळंतपणात तिचा जीव धोक्यात येतो आणि डोंगराखालच्या खेड्यातले लोक तिला आपल्या घरी ठेवून घेतात. खेड्यातली मुलंही अभ्यासातले प्रश्न घेऊन तिच्याकडे येतात. थोडीच पानं आहेत. तारे नाहीत, तोफा नाहीत. गरम चूल, लेकरू आणि शेजारच्या बाया. आणि वाचताना पोटात खड्डा पडतो, कारण उत्तर तर आधीच गेलेलं आहे. लिऊच्या बाकी माणसांत मला फारसा जीव दिसला नाही, ती कल्पनांना चालवायला ठेवलेली आहेत. पण ही पानं वेगळी.

२० मेला जयंत नारळीकर गेले. दुसऱ्याच आठवड्यात तालुक्याच्या वाचनालयात जाऊन त्यांच्या कथा पुन्हा आणल्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव पाहून परीक्षक दबू नयेत म्हणून. पहिलं बक्षीस मिळालंच. या गोष्टीवर मी शाळेपासून खूश आहे.

या खेपेला 'गंगाधरपंतांचे पानिपत' जास्त वेळ डोक्यात राहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. मराठे जिंकले, कंपनी मुंबईसारख्या थोड्या ठाण्यांपुरती राहिली. पंतांना काळजी पुण्या-मुंबईची आणि दिल्लीची, ते साहजिकच. मी मात्र खाटेवर पडून विचार करत होतो, की त्या जगात आमच्या वऱ्हाडाचं काय झालं असेल?

आपल्या जगात १८५३ साल आमच्यावर दोनदा आलं. निजामानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला तो त्या वर्षी. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले पुत्र नसताना वारले तेही त्याच वर्षाच्या शेवटी, आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि साऱ्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली. तोवर यादवी संपून कापसाचा भाव कोसळलाही होता, पण पेरा काही मागं फिरला नाही. माझ्या पणज्याच्या बापानं कापूस लावला तो अमेरिकेत कोणीतरी कोणाशी लढलं म्हणून, आणि त्याला बिचाऱ्याला अमेरिका कुठं आहे तेही माहीत नसणार. यापेक्षा मोठी कल्पितकथा कोणती लिहाल?

गंगाधरपंतांच्या त्या जगात मात्र आमच्याकडे कंपनीचं राज्यच नाही. मग आमच्या शिवारात ज्वारी-तूर-जवस असती, कापूस असता तो गावच्या विणकराला पुरेल एवढा. सरकी विकत आणायची नाही, बोंडअळीचं नाव नाही, पणनचे भाव पाहत बसणं नाही. रंगवून रंगवून मीच इतका खूश झालो की मग मला संशय आला. ते राज्यही कोणाचं तरी असतं आणि सारा त्यालाही लागलाच असता. बंगालमध्ये आयांच्या अंगाईगीतात अजून बर्गी येतात, बुलबुलांनी धान खाल्लं, आता खंडणी कशी द्यायची म्हणत. ते बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे स्वार. तेव्हा पानिपत जिंकल्यावर कटकच्या किंवा बर्दवानच्या शेतकऱ्यानं पेढे वाटले असते असं मला वाटत नाही. गंगाधरपंतांची गोष्ट अशा एखाद्या कास्तकाराच्या बाजूनं कोणीतरी पुन्हा लिहावी. प्राध्यापक नको. बाजारातून परत येताना चकवा लागून दुसऱ्या जगात निघालेला साधा माणूस, आणि त्या जगात त्याचं वावर कोणाच्या नावावर आहे ते शोधायची त्याची धडपड. चकवा आमच्याकडे आयता आहे, यंत्रबिंत्र काही लागणार नाही.

तसं पाहिलं तर लोणारही आयतं आहे. आकाशातून दगड पडून बेसॉल्टमध्ये जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, वर लवणासुराची कथा, गावात दैत्यसूदनाचं देऊळ, आणि पाच वर्षांपूर्वी जून २०२० मध्ये तर सगळं पाणी गुलाबी झालं होतं. खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, असं तपासणीत निघालं. बाहेरच्या देशात यावर एव्हाना पाच भागांची मालिका आली असती.

आज वटपौर्णिमा. बायको वडाला फेरे मारून आली, उपासाचा भगर-शेंगदाण्याचा वास घरभर आहे. मला सावित्रीची गोष्ट दरवर्षी नव्यानं आवडते ती भक्तीपेक्षा डोक्यासाठी. सत्यवानाचे प्राण सोडून काय हवं ते माग म्हणतो यम, आणि ही त्याच्याकडून सत्यवानापासून शंभर पुत्र मागून घेते. बोललेल्या शब्दात देवालाच अडकवायचं. ही युक्ती जगभरच्या जिनच्या आणि यंत्रमानवांच्या कथांत पुढे किती वेळा आली असेल!

पुढचं असं. लिऊचा दुसरा भाग 'द डार्क फॉरेस्ट' मोबाइलमध्ये आहे, पण तो जाडजूड आणि मला वाटतं त्यात गाव नसणार. पेरणीनंतर, डवरणीच्या आधी जमलं तर. लावण्या लक्ष्मीनारायण यांची 'द टेन परसेंट थीफ' त्याआधी. ती भविष्यातल्या बंगळुरूची आहे, कोण कामाचं आणि कोण टाकाऊ हे तिथं यंत्रणा ठरवते. शहराचीच, पण शहराबाहेर हाकललेल्यांचीही, म्हणून उत्सुकता. दिवाळीला 'धनंजय' आणि 'नवल' येतीलच, तेव्हा कापूस वेचणी सुरू असेल आणि अंक आधी बायको पळवेल. नारळीकरांची 'व्हायरस' वाचनालयातून कोणीतरी नेली आहे. ग्रंथपाल म्हणाले, बाईंनी मुदत वाढवून घेतली, त्यांचीही पेरणी अडली आहे.